निर्गुडी, व्हाळाचा काठ आणि मधमाश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की विचारणा सुरू होते. कुणाच्या मळ्याचा तुकडा दरवर्षी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जातो, कुणाच्या आगराखालची माती पऱ्या पोखरतो, कुणी मधपेट्या ठेवल्यात पण पावसाळ्यात वसाहती टिकत नाहीत. या सगळ्यांना मी बऱ्याचदा एकच झुडूप सुचवते, निर्गुडी, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. खाडीचं खारं पाणी येणाऱ्यांनी आधी भरतीच्या पाण्याचा प्रश्न वाचावा, बाकीच्यांनी वरून सुरुवात करावी.

निर्गुडी म्हणजे नेमकं कोणतं झाड? ते आपल्याकडचंच आहे का?

आपल्याकडचंच. कुणी निगडी म्हणतं, कुणी निगुंड, सिंधुदुर्ग-गोव्याकडे लिंगूरही म्हणतात. शास्त्रीय नाव व्हायटेक्स निगुंडो, लिनियसने १७५३ साली दिलेलं. तुळस, सागवान आणि शिवण ज्या कुळात मोडतात त्याच कुळातली ही. सहसा डोक्याच्या वर, दोन पुरुष उंचीपर्यंत वाढणारं झुडूप. मोकळं सोडलं आणि जागा मानवली तर छोटं झाडच होतं. कोकणात ती कुणी मुद्दाम लावत नाही, व्हाळाच्या कडेला आणि वईत, म्हणजे कुंपणात, आपणहून येते. त्यामुळे आपल्या लेखी तिची किंमत राहिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

ओळखायची कशी? रोपवाटिकेत मागितली तर मिळेल ना?

पान हाताच्या पंजासारखं, पाच पर्णिकांचं, मधली सगळ्यात लांब. कधी तीनच पर्णिका असतात. पानाची पाठ पांढुरकी, कोवळी फांदी चौकोनी. पान चुरगळल्यावर जो उग्र, औषधी वास येतो तो एकदा घेतला की विसरत नाही. फुलं निळसर जांभळी, बारीक, शेंड्यावरच्या लांब तुऱ्यात. फळं मिऱ्याएवढी, पिकल्यावर काळी.

रोपवाटिकेतून घेताना मात्र पान हातात घेऊन बघा. एकदा मी निर्गुडी म्हणून चाळीस रोपं आणली, त्यातली निम्मी पांढऱ्या-हिरव्या पानांची शोभेची भावंडं निघाली. ती जगली, वाढली, पण चार वर्षांत त्यांच्यावर माशी बसलेली मी पाहिली नाही, कारण तुरेच आले नाहीत. तेव्हापासून मी रोपं विकत घेत नाही. गावातल्याच व्हाळावरची फांदी घेते. ती त्या पाण्याला, त्या मातीला सरावलेली असते आणि फुलते हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

फांदी खोचली की लागते, तर मग बेशरमही तशीच लागते. ती का नको?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं निरीक्षण बरोबर आहे. बेशरम ओल्या काठावर झपाट्याने वाढते, गुलाबी फुलंही येतात. पण ती दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. पाण्यात उतरते, पात्रातच पसरते, प्रवाह अडवते आणि अडलेलं पाणी समोरचा काठ खातं. शेळ्यांनी सतत खाल्ली तर त्यांना विषबाधा होते. एकदा पात्रात शिरली की तुटलेला प्रत्येक तुकडा खाली वाहत जाऊन रुजतो, म्हणजे तुमची चूक खालच्या वाडीला भोगावी लागते. घाणेरी आणि रानमोडीबद्दलही माझं उत्तर हेच. काठ उघडा पडला की या दोघी सगळ्यात आधी येतात. तिथे निर्गुडी आधी उभी असेल तर त्यांना जागा कमी मिळते.

काठावर नेमकी कुठे लावायची? अगदी पाण्यात चालेल का?

पाण्यात नको. निर्गुडीला ओल आवडते, पुराचं पाणी दोन-चार दिवस डोक्यावरून गेलं तरी ती सोसते, पण बारमाही साचलेल्या पाण्यात तिची मुळं कुजतात. ती काठाची आहे, डोहाची नाही.

पावसाळ्यात व्हाळ बघा. रोजचं पावसाळी पाणी जिथपर्यंत चढतं तिथे गवताचा, काटक्यांचा एक पट्टा अडकलेला दिसतो. त्या रेषेच्या जरा वरून सुरुवात करून काठाच्या माथ्यापर्यंतचा उतार हा निर्गुडीचा. रेषेच्या खाली, जिथे पाणी रोज घासतं, तिथे दगड रचावे लागतात आणि दगडांच्या फटीत वाळा लावावा. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, निर्गुडीची आडवी-तिरकी पसरतात. दोघांची जोडी चांगली जमते. पात्रातल्या खडकांत आपोआप उगवलेली, कण्हेरीसारख्या लांब पानांची शेरणी असेल तर तिला हात लावू नका. धो-धो प्रवाहात तग धरायचं काम तिच्याइतकं दुसरं कुणी करत नाही.

फांद्या कधी आणि कशा लावायच्या?

सगळं यश या एका उत्तरात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेळ: मृगाचा पाऊस नीट बसला, माती वीतभर भिजली की लगेच. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम. आषाढ अर्ध्यावर आला की मी नवीन काठ हाती घेत नाही. कारण साधं आहे: फांदीला मुळं धरायला तीन-चार आठवडे लागतात आणि जुलैचे मोठे लोंढे त्याआधी आले तर ती उपटून जाते. एका वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून मी ऑगस्टमध्ये लावली. पुढच्याच पुरात जवळजवळ सगळी रांग वाहून गेली, आणि खड्डे पाडल्यामुळे तिथली माती होती त्याहून जास्त सैल झाली. उशीर झाला असेल तर त्या वर्षी नुसतं गवत वाढू द्या आणि पुढच्या जूनची वाट बघा.

फांदी: गेल्या वर्षीची, पक्व झालेली, अंगठ्याएवढी जाड. हिरवी कोवळी सडते, जुनी जाड लवकर फुटत नाही. उतारावर खोचायला दोन ते तीन फूट लांब तुकडे करा. खालचं टोक तिरकं, वरचं सरळ कापा, म्हणजे घाईत उलटी लागत नाही. पानं काढून टाका. कापल्या दिवशीच लावता आली तर सर्वात चांगलं. नाहीतर रात्रभर बुडखे व्हाळाच्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवा. मोटारसायकलवर उन्हातून आणलेल्या फांद्यांची अर्धी जीवनशक्ती वाटेतच जाते. ओलं गोणपाट गुंडाळा.

लावणी: पहारीने आधी भोक पाडा, मग फांदी आत सरकवा. हातोडीने ठोकत बसलात तर साल सोलली जाते आणि मुळं तिथूनच यायची असतात. लांबीचा दोन तृतीयांश भाग मातीत, एक तृतीयांश बाहेर. किंचित प्रवाहाच्या दिशेने कलती ठेवा, म्हणजे पाणी तिला वाकवून पुढे जातं. नंतर टाचेने भोवती माती घट्ट दाबा. आत पोकळी राहिली तर तिथे मूळ फुटत नाही. जांभ्याच्या कातळावर दोन वितीच माती असेल तर फांदी खोचून उपयोग नाही. तिथे फांद्या आडव्या चरात पुराव्या, शेंडे तेवढे बाहेर ठेवावेत.

किती अंतरावर?

रांगेत दीड ते दोन हात, आणि दुसरी रांग पहिलीच्या फटींसमोर. एकच रांग लावली तर पाणी फटीतून शिरून मागची माती काढतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे प्रवाह येऊन आदळतो, तिथे अंतर निम्मं करा. वळणाच्या आतल्या बाजूला तर व्हाळ स्वतःच गाळ आणून टाकत असतो, तिथे लावायची गरजच नसते.

पंधरा दिवसांत पानं फुटली, सगळे खूश झाले, आणि श्रावणात फांद्या सुकल्या. काय चुकलं?

बहुधा काही चुकलं नाही, फक्त घाईने आनंद झाला. फांदीत साठवलेल्या अन्नावर पहिली पानं येतात. तेव्हा खाली मुळं असतीलच असं नाही. मुळं धरण्याआधी चार-पाच दिवस कडक ऊन पडलं तर पानं पाणी मागतात आणि द्यायला खाली कुणी नसतं. उपाय एकच, खोल खोचणं आणि माती दाबणं. मूळ आलंय का हे बघायला फांदी ओढून बघायचा मोह खूप जणांना होतो. कृपा करून ओढू नका, नुकतं आलेलं मूळ तुटतं. शंभरातल्या साठ-सत्तर जगल्या तरी काम झालं असं मी धरते. रिकाम्या जागा पुढच्या जूनमध्ये भरा.

गुरं आणि शेळ्या? कुंपण करावं लागेल का?

खाण्याच्या भीतीने नाही. वासामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, शेळीसुद्धा दुसरं काही असेल तर तिच्याकडे वळत नाही. म्हणूनच ती वईत टिकून राहिली आहे. भीती आहे ती तुडवण्याची. गुरं पाण्यावर उतरतात ती वाट ठरलेली असते. ती वाट मोकळी सोडा, तिथे दगडांचा उतार बांधून द्या. वाट अडवलीत तर जनावर दुसरीकडून उतरेल आणि नवा काठ फोडेल.

मधमाश्यांना खरंच उपयोग होतो का? कोणत्या येतात?

होतो, आणि ज्या काळात त्यांना खायला कमी असतं नेमक्या त्याच काळात होतो. कोकणातली मोठी फुलोऱ्याची चंगळ हिवाळा-उन्हाळ्यात असते. जून ते सप्टेंबर हा सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या मधमाशीच्या, पेट्यांना उपासमारीचा काळ. पाऊस सतत, बाहेर पडायला वेळ थोडा, आणि बऱ्याच फुलांतला मकरंद धुऊन गेलेला. निर्गुडीचे तुरे पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या मागेपुढेपर्यंत येत राहतात, पायाशी ओल असली तर पुढेही. श्रावणातल्या उघडिपीत, तासा-दोन तासांच्या उन्हात, निर्गुडीपाशी जाऊन उभे राहा. सातेरी येते, फुलोरी माशी येते, पोया ही डंख नसलेली बारकी माशी येते, मोठे काळे भुंगे तुरा वाकवून बसतात, फुलपाखरं तर असतातच. फूल लहान आणि उथळ असल्यामुळे बारक्या माश्यांनाही मकरंद मिळतो.

फक्त एक अपेक्षा ठेवू नका: पाच-दहा झुडपांवर पेटीभर मध निघत नाही. निर्गुडी वसाहत जगवते. मध पुढच्या फुलोऱ्यावर येतो. आणि शेजारच्या मांडवावर काकडी, कारली असतील तर त्याच माश्या तिथेही जातात.

छाटायची का? कधी?

छाटायची, पण एकदम सगळी कधीच नाही. न छाटलेली निर्गुडी चार-पाच वर्षांत खाली उघडी आणि वर जड होते. मग पुराच्या पाण्यात ती वाकत नाही, उलटते आणि मुळासकट काठ ओढते. बुंध्यापासून हात-दीड हात ठेवून छाटली की खालून झुबकेदार फुटते. पूर येतो तेव्हा हेच लवचिक झुबके आडवे पडून मातीवर पांघरूण घालतात.

तुरे नव्या फुटीवर येतात. म्हणून शिमग्याच्या आसपास छाटलेलं झुडूप पावसाळ्यात भरभरून फुलतं. रांगेचे तीन भाग करा आणि दरवर्षी एकच भाग छाटा, म्हणजे काठ कधी पूर्ण उघडा पडत नाही आणि माश्यांना काही ना काही मिळत राहतं. नव्या लावणीसाठी फांद्या हव्या असतील तर त्या वर्षीच्या पाळीतली काही झुडपं जूनपर्यंत राखून ठेवा. मार्चमध्ये छाटलेल्या फांद्या जूनपर्यंत सुकून जातात. वणवा लागून वरचा भाग जळला तर घाबरू नका, बुडातून परत फुटते.

आमच्याकडे आंब्याला फवारणी होते. मग मधमाश्यांसाठी झाड लावून उपयोग काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो, कारण विचारणारा स्वतः बागायतदार असतो आणि त्याला दोन्ही हवं असतं. मोहोराची फवारणी आणि निर्गुडीचा मुख्य बहर यांचे महिने बरेचसे वेगळे आहेत, एवढी सोय निसर्गानेच केली आहे. तरी हिवाळ्यात उशिरा आलेल्या तुऱ्यांवर बागेतून फवारा उडत असेल तर माशी मरते. बागेला लागून निर्गुडी असेल तर शिमग्याऐवजी दिवाळीनंतर, पहिल्या फवारणीआधी तिचे उरलेले तुरे काढून टाका. आणि मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळा. आंब्याची फळधारणा मुख्यतः माशा आणि पोयासारख्या बारक्या मधमाश्या करतात, म्हणजे तुम्ही मारता ते तुमचेच गडी. फवारावंच लागलं तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

आमच्या काठाला भरतीचं पाणी लागतं. निर्गुडी चालेल?

रोज खारं पाणी लागत असेल तर नाही. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे फक्त उधाणाच्या दिवशी थोडं मचूळ पाणी चढतं, तिथे बांधाच्या माथ्यावर ती तग धरते. त्याखाली कोयनेल लावा. कुंपणाला कापून चौकोनी करतात तीच. मुळात ती आपल्या खाडीकाठचीच आहे, न कापता सोडली तर पांढरी फुलं येतात, लांब जांभळट केसर बाहेर काढलेली, आणि त्यावर फुलपाखरं नि पतंग येतात. तीही फांदीने लागते. अंतर आणि वेळ वर सांगितल्याप्रमाणेच.

चिखलात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, काटेरी पानांची आणि निळ्या फुलांची मारांडी आणि बाकीचं कांदळवन असतं. तिथे नवं काही लावायला जाऊ नका, आहे ते राखा. शिंजीर पक्षी मारांडीच्या फुलांवर येतात ते बघण्यासारखं असतं. आणि कायद्याचंही ध्यानात ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवन तोडणं, त्यात भराव टाकणं याला मनाई आहे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीचा, बांध दुरुस्त करण्यासाठी कांदळं तोडावी लागतील असं वाटत असेल तर आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारा.

समुद्रकिनाऱ्यावर, पुळणीत?

तिथे मर्यादवेल. निर्गुडी नको.

काठ सरळ भिंतीसारखा दोन पुरुष उंच कापला गेलाय. निर्गुडीने थांबेल का?

नाही, आणि थांबेल असं सांगून मी कुणाची फसवणूक करणार नाही. एवढ्या उंच काठाला पाणी खालून, पायथ्याशी पोखरतं, मग वरचा भाग स्वतःच्या वजनाने कोसळतो. पुष्कळदा तो पूर चढताना नाही, ओसरताना पडतो. माती पाण्याने जड झालेली असते आणि तिला बाहेरून टेकू देणारं पाणी निघून गेलेलं असतं. निर्गुडीची मुळं वरच्या हात-दोन हातांची माती धरतात, पायथा धरू शकत नाहीत.

अशा जागी आधी उतार तिरका करून घ्यावा लागतो, उंचीच्या किमान दीडपट आडवा. पायथ्याला सुट्या दगडांची रास किंवा जाळीतले दगड. मग त्या उतारावर निर्गुडी आणि वाळा. माथ्यावर कडेला झुकलेलं मोठं झाड असेल तर त्याचा भार कमी करा, कारण ते पडलं की गाडीभर माती घेऊन जातं. काठाजवळ घर किंवा रस्ता असेल तर हे काम अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नका.

मग पुरापासून वाचवते असं म्हणायचं की नाही?

पुरापासून नाही, धुपेपासून. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हापासून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. कोणतंही झुडूप नदीचं पाणी अडवत नाही. निर्गुडी काठालगतचा वेग कमी करते, माती जागच्या जागी ठेवते, म्हणजे तेवढा गाळ खाली जाऊन पात्र उथळ करत नाही. लहान व्हाळांवर हे काम दरवर्षी दिसतं. मोठ्या नदीवर एका शेतकऱ्याच्या पन्नास हात काठाने फरक पडत नाही. तिथे वरच्या वाड्यांपासून सगळ्यांनी मिळून करायला हवं.

शेजाऱ्याने सिमेंटची भिंत बांधली आणि आता आमचा काठ जातोय. काय करू?

गुळगुळीत भिंतीवर आपटलेलं पाणी वेग न गमावता समोर किंवा भिंत संपते तिथे घुसतं. म्हणून भिंतीच्या खालच्या टोकाला पहिले दहा-पंधरा हात दगड आणि दाट निर्गुडी लावा, रांगांमधलं अंतर वळणासारखंच निम्मं ठेवा. शेजाऱ्याशी बोलणंही करा. भिंतीच्या पायथ्याला खडबडीत दगड टाकले तर त्याचाही पाया वाचतो, हे पटवता येतं.

व्हाळाचा काठ आमच्या सातबाऱ्यात नाही. तरी लावू का?

पात्र आणि पुष्कळदा काठसुद्धा सरकारी असतो. ग्रामपंचायतीला लेखी कळवा, तलाठ्याकडून हद्द समजून घ्या. एखादं झुडूप लावल्याने कुणी अडवत नाही, पण उतार कापणं, पात्रातले दगड हलवणं हे परवानगीशिवाय करू नका. पात्रातले दगड काढून काठाला लावले तर तळ खणला जातो, ते तोट्याचंच आहे.

शेताच्या बांधावर लावली तर भाताला त्रास होईल?

उत्तरेकडच्या बांधावर नाही. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या बांधावर सावली पडते, तिथे दरवर्षी बुडापासून छाटावी लागेल, मग फुलं उशिरा येतील. अरुंद बांधावर मी ती सुचवत नाही. चालायला जागा राहत नाही.

पाला औषधाला न्यायला लोक येतात. द्यावा का?

द्यावा, पण फांदी ओरबाडून नाही, कात्रीने, आणि लावणीनंतरची पहिली दोन वर्षं मुळीच नाही. सुजेवर पाल्याचा शेक, बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात पाला, धान्याच्या कणगीत किडीसाठी सुका पाला, हे कोकणातल्या घरांत चालत आलेलं आहे. पोटात घ्यायचं असेल तर वैद्याला विचारूनच, आणि गरोदरपणात स्वतःच्या मनाने तर घेऊच नये. तुरे असलेले शेंडे मात्र कुणालाही तोडू देऊ नका. पाला मागायला आलेल्या एका आजींना मी तुऱ्यावरची सातेरी दाखवली. त्यानंतर त्या खालचीच पानं घेऊन जातात, आणि दुसऱ्या कुणी शेंडा तोडला तर मला येऊन सांगतात.